अनुक्रमांक १८७ : कार्यरत

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज साहेबांनी बोलावून एक नवीन काम गळ्यात मारलं. आमच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या संगणकांवर पत्रं लिहायला, तक्ते करायला जे सॉफ्टवेअर चालतं, त्याचे परवाने एका कंपनीकडून दरवर्षी विकत घ्यावे लागतात. माणशी एक परवाना. असे चारशे बारा आहेत म्हणे. एकतीस मार्चला मुदत संपते आणि या वेळी एकदम तीन वर्षांचं नुतनीकरण करायचं ठरलंय. त्याआधी भांडारपालानं परिक्षण करून सगळे परवाने वापरात असल्याची सही द्यायची. भांडारपाल म्हणजे मी.

"साहेब, मी खुर्च्या मोजतो, कपाटं मोजतो, पाण्याचे मीटर मोजतो. जे हाताला लागतच नाही ते कसं मोजू?"

"तुम्ही मोजू नका हो. कंपनीकडून यादी आलीये. खाली सही करा फक्त."

तेहतीस वर्षं झाली मला इथं. ज्यांनी काम शिकवलं त्या जुन्या भांडारपालांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ज्याला हात लावला नाही त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची नाही. तेव्हापासून कानाला खडा. यादी घेतली, सही केली नाही.

हे सगळं कुणाला तरी सांगायला हवं म्हणून वहीत लिहितोय. बायको जाऊन येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. ती याच कचेरीत, वरच्या मजल्यावर पत्रव्यवहार शाखेत टायपिस्ट होती. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली भांडारात यायची. मी बोलायचो, ती ऐकायची. आता ही बाद झालेली साठा-नोंदवही ऐकते. वहीचं एक बरं आहे, ती चुका काढत नाही. 'नुतनीकरण' हा शब्द मी आयुष्यभर चुकत आलो. नू दीर्घ काढायचा एवढंच, पण हातून ऱ्हस्वच उतरतो. माझी चिठ्ठी टाइप करताना ही प्रत्येक वेळी दुरुस्त करायची आणि म्हणायची, "अहो, हा शब्द तुम्हाला या जन्मात येणार नाही." तर या वहीत तो माझ्या मनासारखाच राहील. इथं कोण बघायला येतंय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

यादी वाचायला बसलो. शेवटच्या रकान्यात प्रत्येकाची 'स्थिती' दिली आहे. अठ्ठाविसावर आमचा जुना ड्रायव्हर. बिचारा वारून चार वर्षं झाली, आणि होता तेव्हा तरी त्यानं स्टिअरिंगशिवाय कशाला हात लावला होता? स्थिती : कार्यरत. एकाहत्तरावर निवृत्त झालेले मुख्य लिपिक. कार्यरत. ते खुर्चीवर असताना कधी कार्यरत दिसले नाहीत, आता घरी बसून झालेत. वरपासून खालपर्यंत कार्यरत, कार्यरत, कार्यरत. एवढी कामसू कचेरी मी तेहतीस वर्षांत पाहिली नव्हती.

हसत हसत पान उलटलं. अनुक्रमांक १८७.

हिचं नाव. पूर्ण नाव, मध्ये माझं. स्थिती : कार्यरत.

यादी मिटली आणि चहाला गेलो. साखर घालायची राहिली, तसाच प्यालो. दुपारनंतर काही वाचलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मोजणी सुरू. आधी सगळ्या शाखांना सूचना द्यावी म्हणून मी हातानं चिठ्ठी लिहून वर पत्रव्यवहारात पाठवली होती. टाइप होऊन आली. त्यात 'नूतनीकरण' अगदी बरोबर, नू दीर्घ. हल्लीची यंत्रं हुशार झाली आहेत. ही गेल्यापासून माझ्या चुका यंत्रच काढतं. वर हिच्या जागी एक कंत्राटी बाई आहे. तिला दर वेळी अकरा महिन्यांची ऑर्डर देतात, मग आठ दिवस घरी बसवतात आणि पुन्हा अकरा महिने. कचेरीत तिला सगळे 'अकरा महिने' असंच म्हणतात. मीही म्हणतो. चाळिशीची असेल. आम्ही फारसे बोललेलो नाही. त्या खोलीत मी जातच नाही.

मोजणीची माझी पद्धत अशी. टेबलाशी जायचं, "उघडा" म्हणायचं. समोरच्यानं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं की पडद्याला बोट लावायचं आणि यादीत खूण करायची. बोट लावतो म्हणून लोक हसतात. हसेनात का. आवक-जावकच्या कारकुनाला "उघडा" म्हटलं तर त्यानं उठून खिडकी उघडली. साहेबांच्या मदतनीस बाईंकडे तीन परवाने निघाले, एक वापरायला आणि दोन "असावेत म्हणून". एकानं पासवर्ड आठवायला अर्धा तास घेतला आणि शेवटी बायकोला फोन लावला. तिलाही आठवेना.

दोन खोल्यांत एकावन्न नावं. उघडून दाखवलं एकोणीस जणांनी.

आमचा संगणक दुरुस्त करणारा माणूस शब्द मोजून बोलतो. आज आपणहून म्हणाला, "भाऊ, यातल्याही निम्म्यांना नुसती पत्रं लिहायची असतात. त्याला फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालतं. मी दोन वर्षांपूर्वी तसं लिहून दिलं होतं."

"मग?"

"मग काय. कागद वर गेला. वर गेलेलं खाली येतं कुठे."

बुधवार, १२ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस आला होता. त्याला मी मनातल्या मनात 'मधाचं बोट' म्हणतो. मोजणीचं त्याच्या कानावर गेलेलं दिसलं.

"काका, तुम्ही कशाला जिने चढताय? चारशे बाराचे पाचशे करून टाका. एका परवान्याची किंमत पंधरा टक्के खाली येते. सरकारचाच फायदा आहे."

"घरात माणसं दोन, आणि स्वस्त मिळतात म्हणून चपलांचे सात जोड घ्यायचे का?"

मनापासून हसला. माणूस वाईट नाही. मोबाइलमध्ये तान्ह्या बाळाचा फोटो दाखवला, म्हणाला, "आमचाही महिन्याचा आकडा गाठावा लागतो हो काका." जाताना एक पेन देऊन गेला. मी ते भेटवस्तूंच्या नोंदवहीत चढवलं. निळी शाई, नग एक.

तो गेल्यावर खाली व्हरांड्यात उभा राहिलो. पाण्याची बिलं भरायला रांग होती. एक आजी भिंतीला पाठ लावून उकिडव्या बसल्या होत्या, बिलाची घडी मुठीत. या व्हरांड्यासाठी बारा बाकं मागणारा माझा अर्ज तीनदा परत आलाय, 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा मारून. एका परवान्याला वर्षाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात पाठ टेकायला फळी असलेलं एक चांगलं लाकडी बाक येतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला आपलं काय जातं? जातं ते या आजींच्या मुठीतून. माझा स्वभाव चिडका नाही, पण आज चिडलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संगणकवाल्यानं आणखी एक यादी छापून दिली. कुणी सॉफ्टवेअर शेवटचं कधी वापरलं त्याची. बहुतेकांपुढे 'कधीच नाही' किंवा तीन-चार वर्षांपूर्वीची तारीख. मी लाल पेनानं खुणा करत चाललो होतो.

१८७ : शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

ही नेहमी पाच दहालाच यंत्र बंद करायची. पाच पंधराला भांडाराच्या दारात उभी असायची. "चला, अहो. ते मीटर काही पळून जात नाहीत."

वहीत खोटं लिहून काय उपयोग, म्हणून खरं लिहितो. मी घाबरलो नाही. मला आनंद झाला. पाच-सात सेकंद असतील, पण झाला.

मग डोकं ठिकाणावर आलं. कुणीतरी तिच्या नावानं उघडतंय, दुसरं काय असणार. वर जाऊन विचारायला हवं होतं. गेलो नाही. विचारलं की ते 'कुणीतरी' कोण ते कळणार, आणि मग ती नाही हे पुन्हा एकदा कळणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाकी सगळ्या खोल्या संपल्या. पत्रव्यवहार शाखा उरली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ते दार ढकललं.

टेबल तेच, खिडकीकडे तोंड करून. कुंडीसुद्धा तिथंच, तिच्यात कुणीतरी पाणी घालत असणार. अकरा महिने मला बघून उभीच राहिली. मी म्हटलं, "उघडा." तिनं उघडलं. पडद्यावर वर कोपऱ्यात हिचं नाव आलं. मी बोट लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"काका, मला कुणी खातं दिलंच नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "कंत्राटी माणसाला परवाना मिळत नाही म्हणाले. बाईंचं चालू आहे, तेच वापरा, असं साहेबांनीच सांगितलं. मी काही चोरून नाही केलं."

"चोरून केलं असं मी कुठं म्हणतोय. बसा. पासवर्ड कुठून मिळाला?"

तिनं ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. हिचं अक्षर. फक्त 'खुर्ची ११४'.

ही हिची पहिली खुर्ची. ती रुजू झाली त्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं हा आकडा मीच घातला होता, आणि रंग ओला असतानाच ती टेकून बसली. दिवसभर पाठीवर उलटे एकशे चौदा घेऊन कचेरीत हिंडली. मी घाबरून आठ दिवस रोज माफी मागायला वर जात होतो. आठव्या दिवशी म्हणाली, "उद्या पण या." चिठ्ठी बघून हे सगळं आठवलं. आकडा लक्षात ठेवायला सोपा, म्हणून ठेवला असेल तिनं.

यादीत १८७ पुढे काय लिहायचं ते कळेना. उघडलं तर आहे. ज्याचं नाव त्यानं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

साहेबांपुढे आकडे ठेवले. चारशे बारापैकी खरे वापरणारे एकशे त्रेसष्ट. न वापरलेले दोनशे अठ्ठेचाळीस. आणि एक १८७.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. दमलेला माणूस आहे, उगाच वाईट बोलणार नाही. "दोनशे अठ्ठेचाळीस कमी केले तर पुढच्या वर्षी तेवढा निधी कापला जातो. एकदा कापलेला परत मिळत नाही. उद्या खरंच लागले तर मी कुठून आणू? सगळे कार्यरत आहेत असं लिहून द्या आणि मोकळे व्हा. दोन वर्षं राहिलीत तुमची."

मी यादीची घडी घातली.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या मिसेसचं नाव आहे ना त्यात? कशाला खोडता? राहू द्या की. अजून तीन वर्षं राहील."

यावर ताडकन काहीतरी बोलायला हवं होतं. मी "बघतो" म्हटलं. मोजणीच्या बाबतीत तेहतीस वर्षांत माझ्या तोंडून 'बघतो' निघालं नव्हतं. जिना उतरताना माझी मलाच लाज वाटली. तरी उतरत असताना मनात चाललं होतं, तीन वर्षं. म्हणजे मी निवृत्त झाल्यावरही एक वर्ष ती कामावर असेल.

रविवार, २ मार्च

लेक आली होती दिवसभर. तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मी विचारलं, "आई असती तर काय म्हणाली असती गं?"

"आई असती तर आधी तुमच्या अहवालाचं शुद्धलेखन तपासलं असतं."

दोघंही हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले.

"बाबा, मी अजून कधी कधी आईच्या नंबरवर फोन लावते. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाला गेलाय. एक आजोबा उचलतात. पहिल्यांदा रागावले, आता ओळखतात. 'बेटा, जेवलीस का?' विचारतात आणि ठेवतात."

मला हे माहीतच नव्हतं. तिचा हात हातात घेऊन बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण त्या नंबरचं बिल ते आजोबा भरतात, बाबा. मी त्यांच्या नंबरवर माझी आई शोधते, त्यांना त्याचा त्रास नाही. पण हे जे यादीत आहे त्याचं बिल कोण भरतं?"

व्हरांड्यातल्या आजी डोळ्यांपुढे आल्या. लेक कुणावर गेलीय ते सांगायला नको.

गुरुवार, ६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत अकरा महिने खाली भांडारात आली. दारातच उभी राहिली, जिथं ही उभी राहायची तिथं.

"काका, १८७ खोडणार ना तुम्ही?"

मी म्हटलं, "खोडलं तर तुम्ही काम कशावर करणार?"

"माझी ऑर्डर एकतीसपर्यंतच आहे. खातं नसेल तर पुढची देणार नाहीत, मला माहितेय. मुलांच्या फिया आहेत, भीती वाटतेच. पण खरं सांगू? तीन वर्षांत मी चार हजार पत्रं टाइप केली असतील. या कचेरीत माझ्या नावानं एक ओळ नाही. सगळं बाईंच्या नावानं. त्यांचा राग नाही हो, त्यांच्याकडूनच शिकले मी. त्यांनी सगळं लिहून ठेवलंय, कुणाला 'विश्वासू' चालतं, कुणाला 'नम्र' लागतं. पण किती दिवस मेलेल्या माणसाच्या नावानं जगायचं?"

आणि जीभ चावली. मी म्हटलं, "असू दे. खरंच आहे ते."

मग म्हणाली, "खोडल्यावर तीस दिवसांत आतलं सगळं पुसलं जातं. त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. वर चला."

हिच्या खात्यात एक फाइल होती. नाव : 'यांचे घोटाळे'. आत माझ्या चुका. तारीखवार. चिठ्ठी कशाची होती, मी काय लिहिलं, बरोबर काय. पुढे कंसात हिचा शेरा. 'कपाटाची किल्ली' पुढे : 'ल्ली दोनदा ऱ्हस्व, किल्लीवर राग असावा.' 'नुतनीकरण' पुढे फक्त काड्या, पाच पाचच्या जुड्या करून. एकसष्ट वेळा. खाली : 'जन्मात येणार नाही. न येवो.'

मी खुर्चीत बसलो. तिनं पुढची पानं सरकवली. हिची शेवटची तारीख गेली, तरी यादी चालूच होती. 'भांडार-काका : पुन्हा नुतनीकरण. दुरुस्त केलं, सांगितलं नाही.' पुन्हा काड्या. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट.

"तुम्ही?" मी विचारलं.

"बाईंनी यादी केली होती, अर्धी कशी सोडायची?"

म्हणजे यंत्र हुशार नव्हतं. तीन वर्षं हीच बाई दुरुस्त करत होती आणि मी यंत्राचं कौतुक करत होतो. मी चष्मा पुसला. मधली पानं तशीच राहिली, वाचवेना. ती म्हणाली, "छापून देते सगळं." मी म्हटलं थांबा. कचेरीचा कागद खाजगी कामाला वापरायचा नाही. उद्या घरून कागद घेऊन जाईन.

शुक्रवार, १४ मार्च

अहवाल दिला. हातानं लिहिला. टाइप करायला वर पाठवला असता तर माझ्या चुका पुन्हा कुणीतरी गुपचूप काढल्या असत्या, आणि आज ते नको होतं.

वर मथळा घालायचा होता. कोऱ्या कागदावर चार वेळा गिरवला. मग अहवालावर लिहिला : सॉफ्टवेअर परवान्यांचे नूतनीकरण. नू दीर्घ. पेन तिथंच थांबलं थोडा वेळ. आला गं, याच जन्मात आला.

वापरात एकशे त्रेसष्ट. रद्द करावेत दोनशे एकोणपन्नास. वापरातल्यांपैकी ज्यांना नुसती पत्रं लिहायची असतात त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी फुकटचं सॉफ्टवेअर तपासून बघावं, ही संगणकवाल्याची जुनी सूचना पुन्हा जोडली. शेवटी एक नवीन परवाना मागितला, पत्रव्यवहार शाखेतल्या कंत्राटी टायपिस्टसाठी, तिच्या स्वतःच्या नावानं. तीन वर्षांतल्या पत्रांची संख्या जोडली. मोजून. चार हजार एकशे सहा.

रद्द करायच्या प्रत्येक नावापुढे कारण लिहावं लागतं. निवृत्त, बदली, कधीच वापर नाही. जे नाहीत त्यांच्यापुढे 'मयत'. ड्रायव्हरपुढे लिहिलं, आणखी सात जणांपुढे लिहिलं. मग १८७. हा शब्द हिच्या नावापुढे मी कधी लिहिला नव्हता. बँकेचे, पेन्शनचे सगळे कागद लेकीनं भरले होते. लाल पेनानं हिच्या नावावर रेघ मारली, पट्टी लावून, सरळ. रेघेखाली मध्ये माझंही नाव गेलं. पुढे लिहिलं, मयत. तीन अक्षरं. चुकायला जागाच नाही.

सही केली. तारीख घातली.

सोमवार, १७ मार्च

साहेबांनी अहवाल वाचला, दोनदा वाचला. "हात दाखवून अवलक्षण केलंत," म्हणाले. मी उभाच होतो. मग त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "माझं नाव दोनदा आहे?"

"हो साहेब. एक जुन्या हुद्द्यावर. ते दोन्ही कार्यरत आहेत."

हसू आलं त्यांना, दाबलं त्यांनी. "तुमची सही झालेला कागद मला फाडता येत नाही," म्हणाले आणि कागदावर आपली सही करून वर पाठवला. वर गेलेलं खाली येतं का ते बघायचं.

बुधवार, २ एप्रिल

आलं. नवीन यादी एकशे एक्याऐंशीची. सतरा साहेबांनी 'लागले तर' म्हणून ठेवून घेतले, असू देत. एकाच वर्षाचं नूतनीकरण. मधाच्या बोटाला वाईट वाटलं असणार, पण माझ्याशी नीट बोलला. बाळाला दात येतायत म्हणाला. बाकं अजून आलेली नाहीत. चौथा अर्ज केलाय.

१८७ असा अनुक्रमांकच आता नाही, यादी त्याच्या आधीच संपते. शेवटचं नाव अकरा महिनेचं. पूर्ण नाव. मी पहिल्यांदा वाचलं. तीन वर्षांत तिला कधी नावानं हाक मारली नव्हती, हे कुठल्या नोंदवहीत चढवायचं?

गुरुवार, १० एप्रिल

आठ दिवस घरी बसून ती आजच कामावर आली. सकाळी तिच्या टेबलाशी गेलो. "उघडा" म्हटलं. पडद्यावर कोपऱ्यात तिचं नाव. मी बोट लावलं.

संध्याकाळी पाच पंधराला ती भांडाराच्या दारात हजर. हातात माझी दुपारची चिठ्ठी, टाइप करून.

"काका, नूतनीकरण बरोबर लिहिलंत! एक काडी वाचली."

मी जरा फुशारलो. "आता यादी बंद करा."

"बंद कशी करू? हे बघा, परीक्षण. री दीर्घ. तुम्ही कायम ऱ्हस्व काढता."

"कायम?" मी म्हटलं. "हिनं कधी सांगितलं नाही."

तिचा चेहरा उतरला. "तुम्ही ती छापलेली पानं वाचली नाहीत का पुढची?"

वाचली नव्हती. त्या पानांचं पाकीट भांडारातल्याच कपाटात होतं, बंद. ती गेल्यावर उघडलं. हिच्या यादीतलं शेवटून दुसरं पान. आजारपणातल्या रजेवर जायच्या आठवड्यातली तारीख. 'परिक्षण. बरोबर : परीक्षण. (हा मात्र यांना पहिल्यापासून सांगितलेला नाही. सगळंच सांगून टाकलं तर माझ्याकडे यांचं काय राहील? एक तरी असू दे.)'

वही मागे चाळली. तीन फेब्रुवारीला, पहिल्याच पानावर, ऱ्हस्व. लाल पेन हातात घेतलं होतं, खाली ठेवलं. हा एक तिचा आहे. बाकी सगळं बरोबर लिहीन.

उद्यापासून पाण्याच्या मीटरांचं परिक्षण.